तुम्ही विचारलंत म्हणून: अ‍ॅथॉसच का?

बोक्याचं नाव विचारतात, मी अ‍ॅथॉस सांगते, मग ज्यांनी 'थ्री मस्केटिअर्स' ही कादंबरी वाचलीय त्यांचा चेहरा बदलतो. अगं तो बायकोला झाडाला लटकवणारा ना? बाई असून तुला तोच कसा आवडतो? दार्तान्याँ नाही, पोर्थोस नाही, हाच? इतक्या वेळा ऐकलंय की आता एकदाच काय ते लिहून टाकते.

हो, तोच. 'थ्री मस्केटिअर्स' (१८४४) मधला काउंट द ला फेअर, जो नाव टाकून शिपाई झाला आणि पीत बसला. सोळाव्या वर्षी मी संक्षिप्त आवृत्ती वाचली होती, त्यात झाड नव्हतंच, नुसता खानदानी, उदास, कमी बोलणारा माणूस होता. पडलेच प्रेमात. नंतर पूर्ण पुस्तक हातात आलं तेव्हा झाड आलं, पण तोवर माझं वकीलपत्र घेऊन झालं होतं. ती चोर होती, त्याला फसवलं होतं, आपल्या जहागिरीत न्याय करायचा हक्क त्याचाच होता, वगैरे वगैरे. हे सगळं मी लोकांना पाठ म्हणून दाखवायचे, लाज वाटते आता. म्हणजे थोडी वाटते.

तीनेक वर्षांपूर्वी भाची राहायला आली होती. पावसाळा, लाइट गेलेले, तिला म्हटलं वाच मोठ्याने. नेमका आमियाँ गावातला प्रसंग निघाला. अ‍ॅथॉसने स्वतःला खानावळीच्या तळघरात कोंडून घेऊन बाटल्यांमागून बाटल्या रिकाम्या केल्यात, आणि तर्र होऊन दार्तान्याँला गोष्ट सांगतोय. म्हणतो, माझी नाही हं, एका मित्राची. मित्र पंचवीसचा, मुलगी सोळाची, लग्न होतं. मग शिकारीला जातात, ती घोड्यावरून पडते, बेशुद्ध. श्वास कोंडतोय म्हणून तो खंजिराने तिचे कपडे फाडतो आणि खांद्यावर लिलीच्या फुलाचा डाग दिसतो, तेव्हा गुन्हेगाराला द्यायचे तो. तो तिचे हात मागे बांधतो आणि तिला झाडाला टांगतो. दार्तान्याँ ओरडतो, खून! हा म्हणतो, हो, खून, त्याहून जास्त काही नाही. आणि वर वाइन कमी पडतेय म्हणून तक्रार!

भाची थांबली. मेणबत्ती तिच्या बाजूला होती. म्हणाली, "मावशी, ती शुद्धीवर आली होती का?"

मी म्हटलं, ते लिहिलेलं नाहीये.

"म्हणजे विचारलंच नाही तिला."

आणि मी, शहाणी, लगेच सुरू झाले की अगं ते सतरावं शतक, त्याला फसवलं होतं गं... सहा महिन्यांपूर्वी हिचं ठरलेलं लग्न मोडलं होतं, कुणीतरी मुलाकडच्यांना काहीतरी सांगितलं म्हणून, आणि हिला एका शब्दाने कुणी विचारलं नव्हतं. हे मला माहीत होतं. तरी बोलले. तिने पानात बोट ठेवून पुस्तक मिटलं, मग बोट काढून घेतलं. झोपायला गेली.

त्या रात्री मी शेवट परत वाचला, खरं तर त्याला सोडवायलाच. तिथे सगळे मिळून मिलेडीवर, म्हणजे झाडावरून वाचलेल्या त्याच बायकोवर, खटला चालवतात. अ‍ॅथॉसचा आरोप काय, तर मी हिला नाव दिलं, पैसा दिला, आणि हिच्या खांद्यावर डाग निघाला. झाडाचा उल्लेख नाही. ती ताडकन उठून म्हणते, ही शिक्षा सुनावणारं कोर्ट दाखवा. आणि खरंच, कोर्ट नव्हतंच! लील शहराचा जल्लाद पुढे येऊन सांगतो की डाग मी दिला, हिच्यापायी माझा भाऊ वाया गेला म्हणून हिला शोधून, बांधून, मीच. म्हणजे ज्या डागावरून अ‍ॅथॉसने फाशी दिली तो कुठल्या न्यायाधीशाचा निकाल नव्हता, एका माणसाचा सूड होता. बरं, ती चोर होतीच, पुढे विषंही घातलीत तिने, साधी बिचारी नाहीये ती. पण हे ऐकल्यावर अ‍ॅथॉस क्षणभर तरी थबकेल की नाही? नाही. शिक्षा काय मागता, एवढंच विचारतो. नदीकाठी, तिला मारण्याआधी, दार्तान्याँ तिची माफी मागतो, आपण केलेल्या फसवणुकीबद्दल. अ‍ॅथॉस मागत नाही, तो तिला माफ करतो.

लोक म्हणतात पुढच्या भागात तो तिच्याच बुडत्या मुलाला हात देतो, ते बघ ना. बघितलंय. तो हात धरून मुलगा त्याला पाण्यात खेचतो आणि शेवटी त्या मुलाच्याच छातीत खंजीर जातो. हे प्रायश्चित्त धरायचं का? मी कधी धरते, कधी नाही.

मग आवडतो का अजून? आवडतो हो. ती गोष्ट मित्राची म्हणून सुरू करतो आणि शेवटाला त्याच्या तोंडून 'मी' निसटतो, ते वाचताना मला अजूनही पोटात कसंतरी होतं. तेवढ्याने सुटतो असं नाही म्हणत मी.

भाची हल्ली येते अधूनमधून. ती त्याला नुसतं बोक्या म्हणते, आणि तो तिच्याचकडे जातो.