पन्हळ आली, पण ब्रॅकेट नाहीत: माझा अनुभव

छपराला पन्हळ बसवणार असाल तर आधी हे ऐका. पन्हळीला धरून ठेवणारे ब्रॅकेट मोजून हातात पडल्याशिवाय दुकानदाराला पूर्ण पैसे देऊ नका. मी दिले होते, आणि तो राग अजून गेलेला नाही.

आमचं घर नागपुरात, मानेवाड्याकडे. मागच्या बाजूला टिनाचं छप्पर आहे, ३६ फूट लांब. त्याच्या पागोळ्या दर पावसाळ्यात सासूबाईंच्या खोलीच्या भिंतीलगत पडायच्या. प्लास्टर फुगलं, ओल खिडकीपर्यंत चढली. इकडची काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे जोत्यालाही तडा गेला. शेवटी पीव्हीसीची पन्हळ लावायचं ठरलं. फिटर मिळाला, छपराखालच्या लोखंडी पाइपचा गंज खरवडून रंगही मारून झाला.

अडलं ते ब्रॅकेटपाशी. दोन-दोन फुटांवर एक, म्हणजे १९ लागणार होते. इतवारीच्या दुकानातून आले १०. "बाकीचे उद्या देतो ताई, गाडी येऊन राहिली." हे उद्या तब्बल १३ दिवस चाललं. रोज सकाळी फोन करायचा आणि रोज तेच उत्तर ऐकायचं. एकदा भर दुपारी, डोक्याला दुपट्टा बांधून, स्वतः गेले. रिकाम्या हातांनी परत आले. वाटेत दुसऱ्या दुकानातून वेगळ्या कंपनीचा एक ब्रॅकेट आणून पाहिला, तर त्याची कड आमच्या पन्हळीला धरेचना. ज्या कंपनीची पन्हळ, त्याच कंपनीचे ब्रॅकेट लागतात, हे मला आधी कोणीच सांगितलं नव्हतं.

तिकडे फिटरची घाई. "ताई, दहात होऊन जाते ना, चार-चार फुटांवर लावून देतो." मी नाही म्हटलं, आणि ते बरंच केलं. आपल्याकडच्या उन्हात पीव्हीसी मऊ पडतं. आधारांमध्ये अंतर जास्त असलं की मधे झोळ येतो, झोळात पाणी थांबतं, आणि आमच्या अंगणातल्या कडुनिंबाची पानं तिथेच कुजली असती. तो चिडून दुसऱ्या कामाला निघून गेला. नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला, मृग तोंडावर आला, चार लांब तुकडे व्हरांड्यात पडून होते. रात्री ढग गडगडले की माझी झोप उडायची.

चौदाव्या दिवशी ब्रॅकेट आले. काउंटरवर दोनदा मोजून घेतले आणि दोन जास्तीचे विकत घेतले.

फिटर परत आल्यावर बसवायला एक सकाळ पुरली. छपराची कड सरळ असेल असं मात्र धरू नका. आमची एका टोकाला पाऊण इंच खाली होती. पाण्याची लेव्हल नळी लावूनच खुणा करा. आधी दोन्ही टोकांचे ब्रॅकेट ठोकायचे, त्यांच्यामध्ये दोरी ताणायची आणि बाकीचे दोरीला धरून लावायचे. दर १० फुटांना अर्धा इंच उतार, म्हणजे आमच्या ३६ फुटांत जवळजवळ दोन इंच. स्क्रू टिनात नाही, खालच्या पाइपात गेला पाहिजे.

हो, एक राहिलंच. फिटर पन्हळच ब्रॅकेटला स्क्रूने आवळायला निघाला होता, मी थांबवलं. तीन मीटरचा तुकडा मे आणि डिसेंबरमध्ये साधारण पाव इंच लहान-मोठा होतो, त्याला सरकायला जागा हवी. जोडावरही तेवढी फट सोडा.

पहिला पाऊस रात्री आला. सासूबाई खिडकीशी बसून कान देऊन ऐकत होत्या. म्हणाल्या, "पाणी एकाच कोपऱ्यात वाजून राहिलं वं."