पंचेचाळीस की सहा?

पुणे, रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

काल महिन्यातला दुसरा शनिवार होता. आमच्या खजिनदाराची बँक दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद असते, एवढ्या एका कारणावरून चार वर्षांपूर्वी हा वार ठरला आणि पुढे तो बदलावा असे कोणाच्या मनातही आले नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये, टाळेबंदीत घरचेच खाऊन कंटाळलेल्या आम्ही सहा जुन्या वर्गमित्रांनी दरमहा एकदा बाहेर जेवायचे ठरवले, तेव्हा नियम तीनच केले होते. एकदा गेलेल्या ठिकाणी पुन्हा जायचे नाही. ज्याची चिठ्ठी निघेल त्याने पुढच्या महिन्याचे ठिकाण ठरवायचे आणि इतरांनी नाक मुरडायचे नाही. बिल सर्वांत सारखे वाटायचे. माझे सासरे याला ‘पैसे न मिळणारी भिशी’ म्हणतात, आणि हिशेबाच्या दृष्टीने त्यांचे काही चुकत नाही.

नोंदवही ठेवण्याचे काम माझ्याकडे आले, कारण मी व्यवसायाने मुद्रितशोधक आहे आणि मेनूकार्डातल्या चुका काढण्याची माझी खोड सर्वांना ठाऊक होती. तारीख, ठिकाण, कोण आले, काय खाल्ले, काय आवडले, प्रत्येकी किती पडले, असे रकाने पहिल्याच दिवशी आखले. एकोणपन्नास महिन्यांपैकी चार महिने हुकले, त्यांतला पहिला म्हणजे तिसऱ्या लाटेतला जानेवारी. त्यामुळे कालची नोंद पंचेचाळिसावी व्हायला हवी होती. ती मी अजून लिहिलेली नाही आणि तिला कोणता क्रमांक द्यावा, यावर कालपासून वाद चालू आहे.

झाले ते असे. गेल्या महिन्यात डॉक्टरची चिठ्ठी निघाली होती (तो गुरांचा डॉक्टर आहे, पण आम्ही नुसते डॉक्टरच म्हणतो) आणि त्याने प्रभात रस्त्याच्या एका गल्लीत नव्यानेच उघडलेले कोरियन उपाहारगृह निवडले होते. त्या भागातले जुने दगडी बंगले एकतर पाडले जातात किंवा त्यांत कॉफीची दुकाने आणि उपाहारगृहे निघतात, हे आता नेहमीचे झाले आहे. रिक्षातून उतरून मी फाटकापाशी आले, आत रायवळ आंब्याचे झाड दिसले, पोर्चच्या पायऱ्यांवरच्या काळ्या-पांढऱ्या चौकटींच्या फरश्या दिसल्या आणि आपण येथे येऊन गेलो आहोत, हे माझ्या ध्यानात आले. वही पिशवीत होतीच. सहावी नोंद, १४ मे २०२२. तेव्हा येथे वेगळ्या नावाचे, ‘नव्या पद्धतीचे मराठी जेवण’ देणारे ठिकाण होते आणि पुरीएवढ्या कुरकुरीत करंडीत भरून त्यांनी आंबेडाळ दिली होती, जिच्याविषयी मी ‘डाळ उत्तम, करंडी अनावश्यक’ असे लिहिले आहे.

वकीलसाहेबांनी फाटकातच निकाल दिला की, मालक वेगळा, पाटी वेगळी, पाककृती वेगळी, परवाना वेगळा, म्हणजे ठिकाण नवे. खजिनदाराने पत्त्यावर बोट ठेवले. कर्जाच्या कागदपत्रांत मालमत्ता तिच्या पत्त्यावरून ओळखली जाते, पाटीवरून नव्हे, असे त्याचे म्हणणे. काल आलेल्यांतल्या पाचव्या, वास्तुविशारद असलेल्या आणि मूळच्या मालवणच्या बाईंनी दोघांनाही वेड्यात काढले आणि भूक लागल्याचे सांगून सरळ आत जाऊन बसल्या.

जेवणाविषयी आधी लिहिते, कारण ते खरोखर चांगले होते. मुख्य पदार्थांच्या आधी छोट्या छोट्या वाट्या आल्या. किमची, मोड आलेल्या कडधान्याची तिळाच्या तेलातली कोशिंबीर, पालकाची एक कोशिंबीर, मुळ्याचे आंबटगोड लोणचे. या वाट्यांना कोरियात बांचान म्हणतात आणि तेथे त्या जेवणाबरोबर आपोआप येतात, संपल्या की पुन्हा भरल्या जातात. मला ती व्यवस्था पाहताक्षणी आपल्या ताटाची डावी बाजू वाटली. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचे, ज्यांची किंमत कोणी लावत नाही पण ज्यांच्यावाचून ताट पुरे होत नाही. फरक एवढाच की, या ठिकाणी दुसऱ्यांदा मागितलेल्या किमचीचे पैसे लागले, आणि पंगतीत वाढप्याने दुसऱ्या फोडीचे पैसे मागावेत तसे मला ते लागले. मग बिबिम्बाप आला. ‘बाप’ म्हणजे भात आणि ‘बिबिम’ म्हणजे कालवणे, असा सरळ अर्थ आहे. तापलेल्या दगडी भांड्यात भात, वर भाज्या, अंडे आणि गोचुजांग नावाची मिरची-सोयाबीनची आंबवलेली चटणी. तळाशी भाताची जी खरपूड धरते तीच त्यातली खरी मौज असते. ती खरवडून खाताना लहानपणी पातेल्याच्या बुडासाठी भावंडांशी केलेली भांडणे आठवली, आणि डॉक्टरने माझ्या भांड्यात चमचा घातला तेव्हा मी तो तसाच बाजूला सारला.

वाढणारा मनुष्य चाळिशीचा, गढवालकडचा. दुसऱ्यांदा पाणी ओतताना त्याने आम्हां पाचही जणांकडे पाहिले, थोडा घुटमळला आणि म्हणाला, “आप लोग पहले भी आए थे ना? आम के नीचे बैठे थे। वो डिब्बेवाले मास्टरजी नहीं आए?”

टेबलावर कोणी बोलले नाही. खजिनदाराने मोबाइल पालथा घातला.

तीन वर्षांत त्या बंगल्यावरची पाटी दोनदा बदलली. मराठी जेवणाचे ठिकाण भाडे वाढल्यावर बंद पडले, मध्ये काही महिने पिझ्झा विकला गेला आणि आता हे. प्रत्येक नव्या भाडेकरूने आधीच्याचे स्वयंपाकघर, टेबले आणि त्यांबरोबर हा वाढपीही घेतला. “बोर्ड बदलता है मॅडम, बर्तन वही है,” असे तो हसून म्हणाला. या वाक्याने खजिनदाराची बाजू बळकट झाली असती, पण तो मुद्दा पुढे रेटण्याची इच्छा कोणालाच उरली नव्हती.

डिब्बेवाले मास्टरजी म्हणजे आमचा सहावा, सर. एका विनाअनुदानित शाळेत तो गणित शिकवतो. त्या मे महिन्यात त्याने पिशवीतून स्टीलचा कडीचा डबा काढून उरलेले वडे आणि भात त्यात भरून घेतला होता. अन्न टाकू नये, एवढेच त्याचे म्हणणे होते. डॉक्टरला ते अवघड झाले होते आणि त्याने सरला, “अरे, ते देतात खोक्यात भरून, तू कशाला?” असे दबक्या आवाजात म्हटले होते, हे मला काल स्पष्ट आठवले. वहीत त्याची नोंद नाही. वाढप्याला मात्र साडेतीन वर्षांनंतर तोच डबा आठवला.

रात्री घरी येऊन मी वही पहिल्या पानापासून वाचली. सर कधीपासून आला नाही, हे शोधायला वेळ लागला नाही, कारण ‘कोण आले’ हा रकाना मीच आखला होता. तो शेवटचा आला ते तेविसाव्या नोंदीत, ९ डिसेंबर २०२३, कोरेगाव पार्कातले एक चिनी उपाहारगृह. त्या रात्रीवर मी दोन पाने लिहिली आहेत, आणि ती सगळी तिरफळांवर. सेचुआन पद्धतीच्या एका रश्शात असे काही होते की जीभ बधिर होऊन मुंग्या आल्या; डॉक्टर ॲलर्जीची शक्यता बोलू लागला, तोच मालवणच्या बाईंनी डोळे मिटून वास घेतला आणि “हे तर आमचे तिरफळ!” असे जाहीर केले. ते अगदी तेच नव्हे, पण त्याच कुळातले. बांगड्याच्या तिखल्यात आपण जे ठेचून घालतो त्याचा चिनी चुलतभाऊ. त्या शोधाचा मला इतका आनंद झाला होता की अक्षरसुद्धा मोठे आले आहे. आणि दुसऱ्या पानाच्या तळाशी, नेहमीच्या रकान्यात: एकूण १४,७००, प्रत्येकी २,४५०.

सर शनिवार पाळतो. मांसमच्छी खात नाही, दारू तर तो कधीच घेत नाही. त्या रात्री त्याने एक सूप, भाजी घातलेल्या नूडल्स आणि साधे पाणी घेतले, हे मी वहीतून नव्हे, आठवणीतून लिहीत आहे, आणि आठवण पक्की आहे, कारण वाफाळत्या माशाचे ताट आमच्याकडून त्याच्यासमोरून पुढे सरकत होते. चौघे पीत होते. बिल नियमाप्रमाणे सारखे वाटले गेले. त्याने खिशातून नोटा काढून मोजल्या, सुटे पन्नास रुपये कमी पडले ते मी घातले, आणि ते त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी मला मोबाइलवरून परत केले. जानेवारीत त्याचे पेपर तपासायचे होते. फेब्रुवारीत मुलीची परीक्षा होती. मार्चमध्ये गावी लग्न. मे महिन्यापासून त्याने कारण देणे सोडले आणि आम्ही विचारणे. तेव्हापासून प्रत्येक पानावर मी ‘सर वगळता सर्व’ असे लिहिले आहे आणि अलीकडे तर नुसते ‘सर्व’.

आम्ही पाचही जण वाईट माणसे नाही. चुकीचा होता तो नियम, असे लिहून मोकळे होता येईल, पण तो नियम पहिल्या बैठकीत मीच सुचवला होता. ज्याने त्याने आपापल्या पदार्थांचे पैसे मोजत बसणे मला क्षुद्रपणाचे वाटत असे. मैत्रीत काय मोजायचे, असे मी म्हटले होते, आणि सरने त्यावर सर्वांत आधी मान डोलावली होती. दुसरा शनिवार ठरला तेव्हाही त्याने, “माझा शनिवार असतो, पण चालेल,” एवढेच म्हटले होते. बँकेच्या सुटीची सोय पाहिली गेली, त्याच्या शनिवाराची नाही.

काल बिलाच्या वेळी आणखी एक प्रकार झाला. ८,५०० रुपयांच्या जेवणावर दहा टक्के सेवा शुल्क परस्पर लावलेले होते. वकीलसाहेबांनी मॅनेजरला बोलावून अत्यंत शांतपणे सांगितले की, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच असे आपोआप शुल्क लावण्यास मनाई केली आहे आणि दिल्ली उच्च न्यायालयाने या मार्चमध्ये ती मनाई कायम ठेवली आहे. बिल बदलून आले: पाच टक्के जीएसटी धरून ८,९२५, प्रत्येकी १,७८५. एरवी अशा विजयानंतर आमच्या टेबलावर जो जल्लोष होतो तो काल झाला नाही. वकीलसाहेबांनी वाचलेले पैसे, त्यात स्वतःचे काही घालून, त्या गढवाली वाढप्याच्या हातात दिले आणि आम्ही उठलो. साडेआठशे रुपयांवर इतके काटेकोर असणारे आम्ही, हे मला पायऱ्या उतरताना जाणवत होते, आणि बहुधा इतरांनाही, कारण फाटकापर्यंत कोणी बोलले नाही.

चिठ्ठी मात्र निघाली. माझी. डिसेंबरचा दुसरा शनिवार १३ तारखेला आहे.

सकाळपासून मी या नव्या नव्या ठिकाणांचा विचार करते आहे आणि एकही नाव सुचत नाही. या शहरात गुडलकमध्ये आणि वैशालीत वर्षानुवर्षे ठरलेल्या टेबलाशी बसणारी माणसे आहेत. वाढप्यांना त्यांच्या आवडी तोंडपाठ असतात. आम्ही चार वर्षांत पंचेचाळीस (किंवा चव्वेचाळीस) ठिकाणी जेवलो आणि ओळखणारा वाढपी एकच भेटला, तोही नियम चुकून मोडला म्हणून. शेवटी मी लक्ष्मी रस्त्यावरचे पूना गेस्ट हाऊस ठरवले. मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनी ते १९३५ मध्ये सुरू केले. आम्ही प्रत्येक जण तेथे आई-वडिलांबरोबर, पाहुण्यांबरोबर, एकेकटे असे कितीतरी वेळा जेवलो आहोत, पण सहा जण मिळून एकदाही नाही. म्हणजे वकीलसाहेबांच्या व्याख्येनेही आणि खजिनदाराच्या व्याख्येनेही वहीपुरते ते नवेच. साधे मराठी जेवण, सर्वांचे ताट सारखे. मग बिलही सारखे वाटले तर कोणाला मोजावे लागणार नाही. वार मात्र रविवार, १४ तारीख. हे मी गटावर कळवले, आणि ‘नाक मुरडायचे नाही’ हा नियमही सोबत लिहिला. खजिनदाराने अंगठा पाठवला. डॉक्टरने बराच वेळ काहीतरी टंकले आणि शेवटी “मी त्याला फोन करू का?” एवढेच विचारले. मी म्हटले, मी करते.

अकराच्या सुमारास केला. मागे कुकरच्या शिट्ट्या वाजत होत्या. मी वाढप्याची गोष्ट सांगितली, डब्यापर्यंत आले तेव्हा तो मोठ्याने हसला आणि तो डबा अजून आहे, झाकण तेवढे बसत नाही, असे म्हणाला. २,४५० रुपयांचा विषय मी काढणार होते. काढला नाही, कारण त्याने तो कसा घेतला असता, याचा अंदाज येईना. रविवारचे ठिकाण आणि वेळ सांगितली. तो म्हणाला, “बघतो.”

त्याचे हे ‘बघतो’ मी कॉलेजपासून ऐकत आले आहे आणि त्याचा अर्थ दोन्ही होतो. वहीत १४ डिसेंबरचे पान पेन्सिलीने आखून ठेवले आहे. ‘कोण आले’च्या रकान्यात या वेळी सहा ओळी सोडल्या आहेत. कालच्या नोंदीचा क्रमांक अजून कोराच आहे. खजिनदाराचा दुपारपासून तिसरा निरोप आला की, निदान कंसात सहा लिही.