दाराची पट्टी, तंगूस आणि बाबांची बादली

गाडीच्या मागच्या डाव्या दारावरची काळी पट्टी, ज्याला आपण बीडिंग म्हणतो ती, पावसाळ्यापासून एका टोकाला सुटली होती, हायवेला जरा स्पीड घेतला की फडफड फडफड चालू. बाबांचं एकच पालुपद, दोन स्क्रू मार आणि विषय संपव. अहो पण पत्र्याला भोक पाडलं की दोन पावसाळ्यात तिथूनच गंज धरणार ना!

मी पण काय फार शहाणा नाही, आधी एकदा इन्स्टंट ग्लू लावून बघितला होता, चार दिवस टिकला. तो वाळला की काचेसारखा कडक होतो आणि इथे दार रोज धाडकन आपटलं जातंय, वर उन्हात प्लास्टिक पत्र्यापेक्षा जास्त वाढतं, मग तडकणारच. पट्टीमागची मूळ टेप, दोन्ही बाजूंनी चिकटणारी, फोमची असते ती त्यासाठीच, थोडी ताणली जाते, थोडी दबते, पण सोडत नाही.

मग डिसेंबरातल्या एका रविवारी बसलो. नाशिकची थंडी, म्हणून मुद्दाम दुपारी बाराला, कारण पत्रा गार असला की टेप नीट पकडतच नाही. पट्टीच्या वरच्या कडेने मास्किंग टेप लावून घेतली, म्हणजे परत लावताना रेष चुकत नाही. मग हेअर ड्रायरने पट्टी गरम केली, हाताला चांगली गरम लागेल पण चटका बसणार नाही इतपतच, आणि मागून तंगूस, म्हणजे मासे पकडायचा नायलॉनचा धागा, घालून करवतीसारखा इकडून तिकडे ओढत गेलो. दोन्ही टोकं जुन्या फडक्यात गुंडाळा नाहीतर बोटं कापतात. स्क्रू ड्रायव्हर लावायचा मोह होतो, मला झाला, त्याची खूण दारावर आहे.

खरी हमाली पुढे. जुना फोम ड्रायरने गरम करून अंगठ्याने चोळून चोळून काढायचा, दाराचाही आणि पट्टीच्या मागचाही, कारण जुन्या फोमवर नवीन टेप लावली तर ती त्या फोमसकटच निघून येते. रॉकेलने चिकटा निघतो पण मागे तेलकटपणा राहतो, त्यामुळे शेवटचा हात आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं निम्मं करून मारला. माझा तो इन्स्टंट ग्लू मात्र निघेना तो निघेनाच, ओढला तर वरची चकाकी घेऊन आला. यातच अडीच तास गेले, जेवण गार.

टेप घेताना कॅलेंडर लावायची पांढरी जाड फोम टेप घेऊ नका, ती मधूनच फाटते. अ‍ॅक्रिलिक फोमवाली मागा, थ्रीएमची व्हीएचबी वगैरे, बहुतेक करड्या नाहीतर काळ्या रंगाची मिळते. पट्टीच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर आत लावली म्हणजे बाहेरून दिसत नाही. आणि वरचा कागद आधीच सगळा सोलू नका!! एका टोकाला इंचभर सोलून बाहेर दुमडून ठेवायचा, पट्टी रेषेत धरायची, मग कागद हळूहळू ओढत अंगठ्याने दाबत जायचं. ही टेप एकदा बसली की सरकवता येत नाही, आणि ती दाबावर पकडते त्यामुळे इथे जोर लावायला कंजूषी नको, माझा अंगठा दुसऱ्या दिवशी पण दुखत होता.

वीस मिनिटात साधारण निम्मी पकड येते, २४ तासात ९० टक्के आणि पूर्ण यायला ७२ तास, तेही नेहमीच्या खोलीच्या तापमानाला, थंडीत अजून वेळ. तोपर्यंत गाडी धुवायची नाही. आता आमच्याकडे बाबा रोज सकाळी सहाला बादली घेऊन गाडीपाशी हजर, थंडी असो काही असो, त्यांना तीन दिवस थांबा म्हणणं म्हणजे चहा सोडा म्हणण्यासारखं. काही बोलले नाहीत. सोमवारी सकाळी गॅलरीतून बघतो तर तीन दारं लख्ख धुतलेली, आणि मागचं डावं दार तसंच धुळीत ठेवलेलं.