वेस्टर्न महोत्सव तयारी: सबटायटल्सचा तिढा सुटला, वेळापत्रक पुन्हा हललं

मंडळी, जुळलं! आपल्या महोत्सवातल्या, इटालियन दिग्दर्शक सर्जिओ लिओनेच्या ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ची सबटायटल्स पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत जागेवर बसली आहेत. हा चित्रपट यादीतून काढावा लागेल की काय, इथपर्यंत चर्चा गेली होती. म्हणून ही नोंद जरा सविस्तर लिहितो. लिओने दाखवणाऱ्या कुणालाही हाच घोळ भेटू शकतो.

मागच्या नोंदीत सांगितलं होतं तेवढं तुम्हाला माहीत आहे. भाषांतर आपल्या गटाने नव्याने केलं, पण ओळींच्या वेळा जुन्या फाइलवरून घेतल्या. ती फाइल सेकंदाला २५ फ्रेमच्या (फ्रेम म्हणजे एकेक स्थिर चित्र) टीव्ही प्रतीवर बेतलेली होती आणि आपली प्रत २४ फ्रेमची आहे. सेकंदाला एक फ्रेम जास्त म्हणजे चित्रपट सुमारे चार टक्के वेगाने धावतो. १६५ मिनिटांच्या चित्रपटात हा फरक शेवटाला सहा-साडेसहा मिनिटांवर जातो. ‘सबटायटल एडिट’ या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेमरेट (सेकंदाला किती फ्रेम) बदलला की हे दुखणं बरं होतं आणि ते झालंही. सुरुवातीच्या रेल्वे स्टेशनवरचे मोजके संवाद अचूक बसले.

पण त्या चित्रपटाची सुरुवात आठवा. तीन माणसं गाडीची वाट बघतायत, पवनचक्की करकरतेय, माशी घोंघावतेय, टोपीवर पाणी ठिबकतंय. बोलणं जवळपास नाहीच. म्हणजे सबटायटल्स तपासायला ती दहा-बारा मिनिटं काहीच कामाची नाहीत. खरी परीक्षा पुढच्या प्रसंगात, मॅकबेन कुटुंबाच्या घरापासून सुरू होते, आणि तिथे प्रत्येक ओळ काही सेकंद आधीच उमटत होती.

पहिला संशय अर्थातच २३.९७६ वर. २४ च्या जवळचा हाही एक प्रचलित फ्रेमरेट. दोन्हींतला फरक तासाला ३.६ सेकंदांचा असतो, म्हणून लक्षणं मिळतीजुळती वाटली. पण अशी घसरण हळूहळू वाढत जाते. आपल्याकडे फरक एकदम उगवला होता आणि नंतर बराच वेळ तेवढाच राहिला. म्हणून आम्ही ठिकठिकाणी फरक मोजून तक्ता केला आणि तिथेच चित्र स्पष्ट झालं. फरक चढत जात असेल तर दोष वेगाचा. फरक पायरीसारखा उडी मारत असेल तर कुठेतरी शॉट कमी किंवा जास्त आहे.

मग तो शॉट शोधायचा कसा? इथे तपासणाऱ्यांमध्येच एकमत होईना. एक जण म्हणे ओळ बरोबर आहे, दुसरा म्हणे उशिरा येतेय. दोघंही डोळ्यांत तेल घालून पाहत होते, पण पाहत होते ओठांकडे. इटालियन वेस्टर्नमध्ये ओठांवर विसंबता येत नाही. सेटवर नट आपापल्या भाषेत बोलायचे आणि संवाद नंतर स्टुडिओत भरले जायचे. नायिका क्लाउडिया कार्डिनालेचा इंग्रजी आवाज तर तिचा स्वतःचाही नाही. म्हणून आता आपल्या गटाचा नियम एकच: ओठ बघायचे नाहीत, ध्वनीचा आलेख बघायचा. सबटायटल एडिटमध्ये तो खालच्या पट्टीत दिसतो आणि शब्द सुरू होतो तिथे रेघ कशी उसळते ते स्वच्छ कळतं. बंदुकीचा बार तर त्यात सुळक्यासारखा उभा राहतो. प्रत्येक बाराला लागून येणारी ओळ पकडली की त्या पट्ट्यातला फरक फ्रेमच्या हिशोबात मिळतो.

या बारांच्या माळेवरून मागे मागे येत आम्ही थेट स्टेशनवरच्या गोळीबारापाशी पोहोचलो आणि उत्तर तिथेच होतं. वाट बघणारे तिघं आणि गाडीतून उतरलेला नायक चार्ल्स ब्रॉन्सन असे चौघंही कोसळतात, त्यानंतर ब्रॉन्सन उठून उभा राहतो आणि कळतं की त्याला गोळी फक्त हाताला लागली आहे. लिओनेने जगभरच्या आवृत्तीतून हा तुकडा काढला होता. अमेरिकेत चित्रपट १४५ मिनिटांवर आणताना व्यापारी ठाण्याचा प्रसंग गेला. हाताची जखम मूळ आवृत्तीत पहिल्यांदा त्याच प्रसंगात दिसते, त्यामुळे प्रेक्षकांना कळावं म्हणून अमेरिकी आवृत्तीत उठून उभं राहण्याचा तुकडा परत जोडला. आपल्या प्रतीत ठाणंही आहे आणि तो तुकडाही आहे. जुन्या फाइलच्या प्रतीत ठाणं होतं, तुकडा नव्हता. सगळा घोळ तेवढ्या काही सेकंदांचा!

हे कळलं तेव्हा झालेला आनंद शब्दांत सांगता येणार नाही. कापाकापीचे हे किस्से आपण सगळ्यांनी वाचलेले असतात, पण एका फाइलच्या आकड्यांतून तो काप बोटाने दाखवता येतो, ही गंमत वेगळीच.

तिथून पुढच्या सगळ्या ओळी तेवढ्या सेकंदांनी ढकलल्यावर उरल्या त्या बारीक उड्या. एक सेकंदापेक्षाही लहान, आणि साधारण वीस-वीस मिनिटांच्या अंतरावर. हे बहुधा रिळांचे सांधे असावेत. पस्तीस मिलिमीटरच्या प्रिंटचं रीळ तेवढंच असतं आणि वापरून वापरून रिळाची टोकं झिजतात, दुरुस्तीत फ्रेम जातात. प्रत्येक सांध्यापाशी हाताने दुरुस्ती केली. किचकट काम होतं, पण आता ओळ आवाजाबरोबर उमटते आणि आवाजाबरोबर विरते.

हत्यारांबद्दल माझं मत: वेळा बसवायला सबटायटल एडिटला तोड नाही. एजीसब हे दुसरं सॉफ्टवेअर अक्षरांच्या सजावटीसाठी उत्तम, पण दोन फाइली शेजारी ठेवून जागा जुळवायच्या कामात ते मला जड जातं. डीसीपी, म्हणजे थिएटरच्या डिजिटल यंत्रणेवर चालणारी चित्रपटाची प्रत, बांधायला डीसीपी-ओ-मॅटिक. फुकट आहे, भरवशाचं आहे, आणि ते बनवणाऱ्यांचे उपकार आपल्यासारख्या स्वयंसेवकांनी विसरू नयेत. सबटायटल्स वेगळी न ठेवता चित्रातच छापून टाका असा माझा आग्रह आहे. वेगळी ठेवली तर अक्षरं थिएटरच्या यंत्रणेवर उमटतात आणि तिथे जोडाक्षरं फुटण्याची, वेलांट्या सरकण्याची भीती असते. ‘शत्रू’चा ‘शत्‌रू’ झालेला मोठ्या पडद्यावर बघवत नाही.

पुरवठादारांचं मात्र अवघड आहे. एका वितरकाने पाठवलेल्या डीसीपीची किल्ली (कुलूपबंद प्रत उघडणारी, ठरावीक मुदतीची डिजिटल फाइल) खेळाच्या अगदी तोंडावर सुरू होते. म्हणजे आदल्या दिवशी चाचणी घ्यायची सोयच नाही. किल्ली त्या एका सर्व्हरपुरतीच चालते, त्यामुळे दुसऱ्या हॉलमध्येही बघता येत नाही. मुदत वाढवून मागितली आहे, उत्तर नाही. जे पहिल्यांदाच महोत्सव करताय त्यांनी हक्कांचा करार होतानाच किल्लीची तारीख लिहून घ्या. तिकीट नसलं तरी जाहीर खेळाचे हक्क घ्यावेच लागतात, हेही जाता जाता पुन्हा सांगतो. घरी डिस्क आहे म्हणून ती हॉलमध्ये लावता येत नाही.

आता वेळापत्रक. मागच्या वेळी सालांप्रमाणे क्रम लावला होता. पडद्याच्या चौकटीचा विचार केल्यावर तो मोडावा लागतोय. ‘हाय नून’ (१९५२) १.३७ चा, म्हणजे रुंदी उंचीच्या १.३७ पट, आणि लिओने २.३५ चा. दोन खेळांच्या मध्ये काळे पडदे सरकवून कडा सरळ करायला वेळ लागतो आणि घाईत कड तिरकी राहते. म्हणून उंच चौकटीचे एका दिवशी, रुंद चौकटीचे दुसऱ्या दिवशी. ‘शेन’ (१९५३) पहिल्या दिवसात जाईल. तो प्रदर्शनाच्या वेळी वरखाली कापून रुंद दाखवला गेला होता, पण चित्रीकरण १.३७ साठी झालं होतं आणि आपण तसाच दाखवणार. यावर मी तडजोड करणार नाही.

हे लिहितानाच एक कल्पना सुचली. ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ (१९०३) आपण उद्घाटनाला घेतलाय. त्यातला दरोडेखोर कॅमेऱ्याकडे तोंड करून गोळ्या झाडतो तो शॉट सुरुवातीला लावा किंवा शेवटी, अशी मुभा एडिसन कंपनीने आपल्या सूचीत प्रदर्शकांना दिलीच होती. मग तोच शॉट प्रत्येक खेळाआधी ‘बसून घ्या’ची खूण म्हणून लावला तर? चित्रपट कॉपीराइटमुक्त आहे, त्यामुळे अडचण नाही. गटात सर्वांना पसंत पडलं तर घंटा रद्द.

फक्त त्याचा वेग ठरायचाय. सेकंदाला १६ फ्रेम धरला तर २४ च्या डीसीपीत प्रत्येक दुसरी फ्रेम दोनदा येते, १८ धरला तर प्रत्येक तिसरी. १६ वर घोडे जड वाटतात, १८ वर माणसं लगबगीची. माझा कल १८ कडे आहे. कुणी मोठ्या पडद्यावर दोन्ही करून पाहिलं असेल तर कृपया सांगा, चाचणीची फाइल आज रात्री बांधायला घेतोय.