पांढरे केस, फिकट पडदा आणि तो हेलो: अखेर सुटलं

फिकट पडद्यापुढे वाचत बसलेल्या आजीच्या ज्या फोटोबद्दल तुम्हाला विचारलं होतं, त्यातला केसांभोवतीचा हेलो, म्हणजे पडदा गडद केला की कडेला उरणारी उजळ रेघ, गेला! पुसट झाला असं नव्हे, गेलाच. शंभर टक्के झूमवर कड पाहिली, दोनशेवर पाहिली, उजळ रेघ कुठेच नाही. 'तो फोटो सोड आणि नवा काढ' हा तुमच्यापैकी काहींचा सल्ला मी मानलाय, त्याबद्दल खाली लिहितेच. पण हा फोटो मला हवाच होता. वाचता वाचता आजीने चष्मा कपाळावर सरकवला आणि दुसरा हात पानावर तसाच राहिला. असं काही पुन्हा सांगून करून घेता येत नाही.

फ्रेम तुम्हाला ठाऊक आहे: डावीकडे खिडकी, मधे आजी, मागे क्रीम रंगाचा पडदा. चेहरा थर्ड्सच्या (फ्रेमचे आडवे-उभे तीन-तीन भाग करणाऱ्या रेघांच्या) छेदावर, नजरेच्या दिशेला मोकळी जागा, क्षितिजाचा प्रश्नच नाही. नियमाप्रमाणे सगळं जागच्या जागी, तरी फोटो सपाट. क्लॅरिटी (मधल्या छटांचा कॉन्ट्रास्ट) वाढवली की पडद्याच्या चुण्याच जास्त उठून दिसायच्या. सॅच्युरेशनने शाल भडक व्हायची, चेहरा होता तिथेच. व्हिनेटने कोपरे काळवंडले, पण केस पडद्यात विरघळलेले ते विरघळलेलेच.

उलगडा फोटो करडा केल्यावर झाला. रंग काढून, अंगठ्याच्या नखाएवढा करून पाहिला, तर आजीचं डोकं जवळपास गायब! केस आणि पडदा एकाच करड्या पट्टीत. रंगीत फोटोत हे लक्षात येत नाही, कारण रंग वेगळे दिसले की वस्तूही वेगळ्या दिसतायत असंच डोळा धरून चालतो.

ही चाचणी करणार असाल तर एक गोष्ट सांभाळा. सॅच्युरेशन शून्यावर नेणं म्हणजे करडं करणं, असं प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये नसतं. एचएसएल (रंगछटा, सॅच्युरेशन, लाइटनेस) पद्धतीची 'लाइटनेस' ही लाल, हिरवा, निळा यांतल्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान चॅनलची सरासरी असते, त्यामुळे शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा एकसारखेच करडे निघतात. डोळ्याला पिवळा कितीतरी उजळ दिसतो. ल्युमिनन्सच्या, म्हणजे डोळ्याला जाणवणाऱ्या उजळीच्या, हिशोबात हिरव्याचा वाटा सुमारे 72 टक्के, लालचा 21 आणि निळ्याचा जेमतेम 7. गिंप या फोटो-एडिटरच्या डिसॅच्युरेटमध्ये पद्धत निवडता येते, तिथे 'ल्युमिनन्स' निवडा. गिंपची ही बाजू मला मनापासून आवडते: काय करतोय ते तो नावानिशी सांगतो.

थर्ड्सचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. 1797 मध्ये जॉन थॉमस स्मिथने 'रूल ऑफ थर्ड्स' मांडला तेव्हा त्याच्यापुढे चित्रातल्या उजेड-अंधाराच्या वाटणीचाही प्रश्न होता. आपल्यापर्यंत त्यातल्या चार रेघाच पोचल्या. ग्रिड कॅमेऱ्यात जरूर चालू ठेवा, पण आधी उजेड कुठे पडलाय ते पाहा.

आता मुख्य दुखणं. पडदा गडद करायचा, केस तसेच ठेवायचे. ऐकायला सोपं. डार्कटेबल या फोटो-एडिटरमध्ये एक्स्पोजर मॉड्यूलचं दुसरं इन्स्टन्स घेतलं, पडद्यावर ड्रॉन मास्क (बदल तेवढ्याच भागापुरता ठेवणारा, हाताने रेखलेला), उणे एक स्टॉप, म्हणजे उजेड निम्मा. मास्क केसांच्या बाहेर थांबवला की केस आणि गडद पडदा यांच्यामधे मूळ पडद्याची उजळ पट्टी उरायची, तोच तो हेलो. मास्क आत ढकलला की बाहेरची केसांची लव राखाडी पडायची. फेदरिंग रेडियस वाढवला, त्यातला गाइडेड फिल्टर कड शोधतो म्हणतात, आणि शोधतोही. पण त्याला धरायला कड तर हवी! इथे केस आणि पडदा यांची उजळी सारखीच, फिल्टरने पकडायचं काय? चेहऱ्याच्या कडेला तो चोख चालला, केसांपाशी भरकटला. पॅरामेट्रिक मास्कमध्ये (यात भाग हाताने न रेखता उजळी किंवा रंगावरून निवडतात) उजळीचा स्लायडर लावला तर केस आणि पडदा दोन्ही एकदमच पिवळे. (मास्क दिसावा म्हणून डार्कटेबल त्यावर पिवळा रंग चढवतं, हे नवख्यांसाठी.) ऑटो-पोर्ट्रेटवाल्या एका फोन अ‍ॅपलाही फोटो दिला. त्याने केसांची लव सरळ कापून टाकली आणि आजीच्या डोक्यावर हेल्मेट चढवलं. ते अ‍ॅप मी काढून टाकलंय.

मग मास्कच्या बाकीच्या चॅनलांवरून एकेक करत फिरले. उजळी सारखी, पण क्रोमा, म्हणजे रंगाची तीव्रता? पडदा क्रीम आहे, म्हणजे त्यात थोडा का होईना पिवळा रंग आहे. केस पांढरे, त्यांना स्वतःचा रंग जवळपास नाहीच. पण खिडकीतून आभाळाचा निळसर उजेड केसांवर सांडला होता, म्हणून क्रोमाच्या पट्टीवरही दोघं शेजारी शेजारी बसलेले. रंगसंतुलन ठरवणाऱ्या कलर कॅलिब्रेशन मॉड्यूलमध्ये पिपेटने केसांचाच तुकडा निवडला आणि तो न्यूट्रल, म्हणजे रंगहीन, केला. झालं! केसांचा क्रोमा शून्याला टेकला, पडद्याचा वाढला. त्वचाही जराशी उबदार झाली, ती मला तशीच हवी होती.

तरी मास्क हलेना. कारण पाइपलाइनचा, म्हणजे मॉड्यूल एकामागून एक लागण्याचा, क्रम. नेहमीच्या क्रमात एक्स्पोजर हे कलर कॅलिब्रेशनच्या आधी येतं, त्यामुळे त्याच्या मास्कला अजून निळसर केसच दिसत असतात. म्हणून तेच काम कलर बॅलन्स आरजीबीकडे दिलं, ते नंतर येतं. तिथे ड्रॉन आणि पॅरामेट्रिक एकत्र केले: ब्रशने पडदा ढोबळ रंगवला, केसांत मुद्दाम थोडा आत शिरू दिला, चेहरा आणि शाल पूर्ण वगळली, आणि सीझेडच्या, म्हणजे क्रोमाच्या, पट्टीवर न्यूट्रल भाग बाहेर काढला. त्या स्लायडरच्या त्रिकोणांमध्ये भरपूर अंतर ठेवलं. पातळ केसांतून पडदा अर्धवट दिसतो, तिथे मास्कही अर्धवटच लागायला हवा आणि या अंतरामुळे तो तसाच लागला. तिथली ब्रिलियन्स (उजळी) खाली ओढली. पडदा मागे गेला, केस पुढे आले, एकेक बट सुटी. रात्री उशीर झाला होता, तरी घरातल्यांना उठवून दाखवलं.

दोन बारीक गोष्टी. आधी डीनॉइज (फोटोतले दाणे कमी करणारं मॉड्यूल) चालू करा, नाहीतर क्रोमाचा नॉइज मास्कमध्ये ठिपके होऊन उतरतो. आणि क्लॅरिटी, लोकल कॉन्ट्रास्ट वगैरे फक्त चेहरा आणि हातांपुरतं ठेवा, कारण अशा कडेवर हेलो निर्माण करण्याचं काम तीही करतात.

हे सगळं रॉवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलवर, जमलं. फोनच्या जेपेगवर करून पाहायचं असेल तर फार आशा ठेवू नका. जेपेगमध्ये प्रत्येक चॅनलला 256 पायऱ्या, 14 बिट रॉमध्ये 16,384. शिवाय जेपेग सेव्ह होताना रंगाची माहिती बहुतेक वेळा आडवी-उभी अर्धी केली जाते, त्यामुळे क्रोमावर बेतलेला मास्क चौकटी-चौकटींचा येतो. जेपेगसाठी स्नॅपसीड या फोनच्या अ‍ॅपमधलं सिलेक्टिव्ह पुरेसं आहे: चेहऱ्यावर बिंदू ठेवायचा, दोन बोटांनी परीघ लहान करायचा, ब्राइटनेस थोडा वर. कडेच्या भानगडीत पडायचंच नाही. घाईच्या कामाला मी तेच वापरते.

क्रॉप शेवटी केला. उजव्या कोपऱ्यात खुर्चीच्या दांड्यावर एक चकाकी होती, नजर तिथेच जाऊन अडकायची. 6000 × 4000 च्या आडव्या फ्रेममधून चारास पाच असा उभा तुकडा घेतला, 3200 × 4000. चकाकी गेली, वाचणारे हात राहिले. 8 × 10 इंची प्रिंटला 300 पीपीआयने (इंचाला 300 पिक्सेल) 2400 × 3000 पिक्सेल लागतात, म्हणजे अजून ऐसपैस जागा आहे.

आता नव्याने काढण्याबद्दल. कॅमेऱ्याचं पिक्चर प्रोफाइल मोनोक्रोम केलंय, फाइल रॉ. व्ह्यूफाइंडरमध्ये सगळं करडं दिसतं, रॉमध्ये रंग शाबूत राहतात. प्रोफाइलमधले लाल-पिवळे फिल्टर तेवढे बंद ठेवा, ते करड्याची पट्टीच बदलून टाकतात. पहिल्याच दुपारी फरक दिसला: आजीला काही न सांगता मी दोन पावलं उजवीकडे सरकले आणि तिच्या मागे पडद्याऐवजी आतल्या खोलीचं अंधारं दार आलं. केस उजळून उठले! या फोटोला एडिटिंग म्हणजे क्रॉप आणि एक्स्पोजरचा हलका धक्का, बास.

त्यामुळे पडदा धूसर करायला 85 मिमीची लेन्स घेण्याचा माझा बेत तूर्त मागे. मोठ्या अ‍ॅपर्चरने पडदा धूसर झाला असता, गडद नाही, आणि गरज गडद पडद्याची होती. त्याऐवजी खुर्ची खिडकीजवळ आणि भिंतीपासून लांब घेऊन बघणार आहे. बिंदूएवढ्या दिव्यापासून अंतर तिप्पट झालं की उजेड नवव्या हिश्श्यावर येतो. खिडकी मोठी असल्यामुळे तो इतक्या झपाट्याने पडत नाही, पण एखादा स्टॉप सुटला तरी मास्कची कटकट वाचते.

पुढच्या खेपेला पांढरा रिफ्लेक्टर (सावलीत उजेड परतवणारा फलक) लावायचा असं वर लिहिणार होते, पण लिहिता लिहिता उलटंच सुचतंय. आजीचा खिडकीकडचा गाल उजळ, त्याच्या मागे अंधारं दार. मग दुसऱ्या, सावलीतल्या गालाच्या मागे तोच फिकट पडदा आणला तर? उजळाच्या मागे गडद, गडदाच्या मागे उजळ. त्यासाठी सावली अजून दाट हवी, म्हणजे रिफ्लेक्टर नकोच, त्या बाजूला काळं कापड धरायला हवं. कोणी खिडकीच्या उजेडात काळं कापड वापरलंय का? चेहऱ्यापासून किती लांब धरता, आणि डोळ्यातली चमक मरते का, ते सांगा. कापड आहे घरात, रविवारी आजीची दुपारची झोप झाली की लावून बघते.