सगळ्यांना सोबत घेणार, पण नेमक्या कुठल्या बिलावर?

ओहायोत कोलंबसच्या जवळ एका पब्लिक लायब्ररीत मी नोकरी करते. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये आमच्या हॉलमध्ये अमेरिकन काँग्रेसच्या, म्हणजे इथल्या संसदेच्या खालच्या सभागृहाच्या (हाऊसच्या) एका उमेदवाराचा मतदारांशी प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम झाला होता, त्याबद्दल लिहायचं कधीपासून मनात आहे. उमेदवाराचं नाव आणि पक्ष सांगणार नाही कारण लायब्ररीच्या नोकरीत आम्ही कुणाची बाजू घेत नाही, आणि मला जे सांगायचंय त्यासाठी पक्ष कळायची गरजही नाही.

माझं काम साधं होतं. दारात कोरी कार्डं आणि पेन्सिली वाटायच्या, भरलेली कार्डं गोळा करायची, सारखे प्रश्न एकत्र करायचे, शिवीगाळ असेल ती बाजूला काढायची आणि गठ्ठा मॉडरेटरकडे द्यायचा. निम्म्याहून जास्त कार्डांवर तोच प्रश्न असतो, तुम्ही दुसऱ्या पक्षाबरोबर काम कराल का? याला आजवर कुठला उमेदवार नाही म्हणालाय? सगळे हो म्हणतात, टाळ्या पडतात आणि मतदाराच्या हाती काहीच लागत नाही. मला हे मनापासून खटकतं कारण माणसं दिवसभर काम करून, पोरांना कुणाकडे तरी ठेवून आलेली असतात.

उमेदवारांनी सुरुवातीला आपल्या प्रायॉरिटीज सांगितल्या. रस्ते-पूल, माजी सैनिक आणि औषधांच्या किमती. सिनसिनाटीहून केंटकीत जाणाऱ्या 1963 च्या ब्रेंट स्पेन्स पुलाचं उदाहरण दिलं, त्याला 2021 च्या इन्फ्रास्ट्रक्चर कायद्यातून 1.6 अब्ज डॉलरच्या वर पैसे मिळाले आणि जानेवारी 2023 मध्ये तेव्हाचे डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष बायडेन आणि रिपब्लिकनांचे सिनेटमधले, म्हणजे वरच्या सभागृहातले, तेव्हाचे नेते मॅकोनेल तिथे एकत्र उभे राहिले. तो कायदा घडवून आणणाऱ्यांत आमच्या ओहायोचे रिपब्लिकन सिनेटर रॉब पोर्टमन होते. सगळं खरं, पण झालेलं काम. त्यात उमेदवाराला स्वतःला काही पणाला लावावं लागत नाही.

मग ते कार्ड आलं. बारीक, तिरक्या, जोडून काढलेल्या अक्षरात दोन्ही बाजू भरलेल्या, शेवटची ओळ कोपऱ्यात उभी लिहिलेली. एका रिटायर्ड शिक्षिकेचं होतं. नवरा आयुष्यभर कारखान्यात, दर पगारातून सोशल सिक्युरिटीचा, म्हणजे इथल्या सरकारी पेन्शन योजनेचा टॅक्स कापला गेला, तो वारला आणि बाईंना त्यातलं एक डॉलर मिळत नाही. कारण ओहायोत सरकारी शाळांतले शिक्षक सोशल सिक्युरिटीत नसतात, त्यांची पेन्शन वेगळी, आणि तेव्हा लागू असलेल्या 1977 च्या एका नियमाप्रमाणे त्या पेन्शनच्या दोन तृतीयांश एवढी रक्कम नवऱ्याच्या वाट्यातून वजा व्हायची. समजा पेन्शन 3000 डॉलर, तर 2000 वजा, विधवेचा हक्क 1800 असेल तर हातात शून्य. शेवटी बाईंनी लिहिलं होतं, हा नियम रद्द करणाऱ्या सोशल सिक्युरिटी फेअरनेस ॲक्टवर तुम्ही कुठे उभे आहात, हो किंवा नाही सांगा.

हे कार्ड मी गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवलं आणि मॉडरेटरने ते पूर्ण वाचलं.

तेव्हा त्या बिलाची, म्हणजे विधेयकाची, काय अवस्था होती ते सांगते. व्हर्जिनियाच्या डेमोक्रॅट ॲबिगेल स्पॅनबर्गर आणि लुइझियानाचे रिपब्लिकन गॅरेट ग्रेव्ह्ज या दोघांनी डिस्चार्ज पिटिशन आणलं होतं. म्हणजे कमिटीत अडकलेलं बिल 435 पैकी 218 सह्या जमवून थेट सभागृहात ओढून आणायचं, हाऊसचे स्पीकर म्हणजे अध्यक्ष मनात नसले तरी. हे क्वचित जमतं, कारण ज्यांच्या पक्षाकडे बहुमत असतं त्यांना आपल्याच नेत्यांच्या विरोधात सही करावी लागते. सप्टेंबरमध्ये 218 झाल्या होत्या, मतदान बाकी होतं. सिनेटमध्येही हे बिल आमचे डेमोक्रॅट शेरॉड ब्राऊन आणि मेनच्या रिपब्लिकन सुझन कॉलिन्स यांनी मिळून आणलं होतं.

उमेदवार म्हणाले, हो. मी तिथे असतो तर त्या पिटिशनवर सही केली असती, माझ्या नेत्यांनी थांबवलं असतं तरी. टाळ्या झाल्याच, पण खरी गोष्ट पुढे आहे. मॉडरेटरने लगेच दुसरं कार्ड काढलं, कुणीतरी नुसतं एवढंच लिहिलं होतं, पैसे कुठून आणणार? प्रश्न रास्त होता, दहा वर्षांचा खर्च साधारण 196 अब्ज डॉलर होता आणि सोशल सिक्युरिटीच्या फंडाला आधीच ओहोटी लागलेली.

इथे कुणीही उधळपट्टी थांबवू वगैरे बोलून मोकळं होतं. हे गृहस्थ 1983 वर गेले. रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष रेगन आणि हाऊसचे डेमोक्रॅट स्पीकर टिप ओनील, दोन पक्षांचे दोन टोकाचे नेते, त्यांनी मिळून सोशल सिक्युरिटी वाचवली, रिटायरमेंटचं वय हळूहळू 67 पर्यंत न्यायचं ठरलं, आणि त्याच कायद्यात या बिलाने रद्द होणारा दुसरा नियम, ज्याने शिक्षकांचा स्वतःचा सोशल सिक्युरिटीचा वाटा कमी व्हायचा, तोही आला. म्हणजे तडजोडीत कुणाच्या तरी खिशातून जातंच, तेव्हा यांच्या खिशातून गेलं, असं ते त्या शिक्षिकेकडे बघून म्हणाले. मग सांगितलं की यावर्षी, म्हणजे 2024 मध्ये, 168,600 डॉलरच्या वरच्या पगारावर हा टॅक्स कापत नाहीत, ती मर्यादा वाढवायला एक पक्ष तयार नाही, वयाला हात लावायला दुसरा तयार नाही, मी दोन्हीवर बसून बोलेन, आणि आज या हॉलमध्ये मला मत द्यायला आलेल्यांपैकी काही जण यावर नाराज होतील हे मला माहीत आहे.

पुढच्या रांगेतले दोघं खरंच नाराज झाले, मान हलवत बसले. मला मात्र त्या माणसाबद्दल आदर वाटला. आपल्याच माणसांसमोर उभं राहून आपण काय सोडायला तयार आहोत ते सांगणं, हेच मी इतक्या कार्यक्रमांत ऐकायला थांबले होते.

शेवटी वेळ संपत आली आणि आपल्या एका मराठी मुलाचं कार्ड आलं. आयटीत आहे, भारतातून आलेल्यांच्या ग्रीन कार्डच्या रांगेत, प्रायॉरिटी डेट म्हणजे रांगेतला नंबर ठरवणारी तारीख 2014 ची, मुलगी हायस्कूलमध्ये, ती 21 ची झाली की त्याच्या अर्जातून बाहेर पडणार. त्याने कार्डावर नीट लिहिलं होतं, एका देशाला 7 टक्क्यांची मर्यादा काढणारं बिल 2019 मध्ये हाऊसने 365 विरुद्ध 65 ने पास केलं, डिसेंबर 2020 मध्ये सिनेटनेही स्वतःचं वेगळं रूप पास केलं, दोन्ही जुळवायच्या आत ती काँग्रेसच संपली, तुम्ही ते परत आणाल का? मॉडरेटरने घाईत ते एका ओळीत आणलं, ग्रीन कार्डच्या बॅकलॉगबद्दल काय मत? आणि उत्तरही तसंच आलं, सिस्टीम मोडली आहे, दोन्ही पक्षांनी एकत्र बसायला हवं. झालं. कार्यक्रम संपला.

खुर्च्या गोळा करताना तो माझ्याजवळ आला. "ताई, मला मत नाही म्हणून असं गुंडाळलं का हो?"

म्हटलं, "नाही रे, तुझा प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही. बिलाचं नाव कार्डावरच राहिलं. तू तेच जसंच्या तसं लिहून त्यांच्या ऑफिसला पाठव, लेखी उत्तर माग."

"पाठवतो. पण तुम्ही पण पाठवा ना, तुम्ही सिटिझन आहात."

मी पाठवलं.

शिक्षिकेच्या बिलाचं पुढे झालं. नोव्हेंबरमध्ये हाऊसने 327 विरुद्ध 75, डिसेंबरमध्ये सिनेटने 76 विरुद्ध 20, आणि 5 जानेवारी 2025 ला बायडेननी सही केली, पैसे जानेवारी 2024 पासूनचे धरून. बाई लायब्ररीत आल्या तेव्हा कळलं की काहीच मिळणार नाही म्हणून त्यांनी कधी अर्जच केला नव्हता, आणि विधवेचा अर्ज ऑनलाइन होत नव्हता, फोन करावा लागायचा. त्यांना स्टडी रूम उघडून दिली, होल्डवर त्या किती वेळ होत्या देव जाणे, पण अपॉइंटमेंट घेऊनच बाहेर आल्या.

हाऊसची निवडणूक दर दोन वर्षांनी असते. पुढच्या कार्यक्रमासाठी कार्डं नवीन छापायची वेळ आली तेव्हा मी मॅनेजरला सांगून त्यावर एक रकाना वाढवून घेतला, माहीत असल्यास बिलाचं नाव किंवा नंबर, आणि मॉडरेटरने तो न गाळता वाचायचा हेही ठरवून घेतलंय.