टर्नटेबलची मॅट बदलायला गेलो आणि आर्मच्या नादी लागलो

आधीच सांगतो, मला टर्नटेबलवर (रेकॉर्ड वाजवायचं यंत्र) रेकॉर्डखाली घालायची मॅट घ्यायची होती ती आवाजासाठी नाही. टर्नटेबलसोबत आलेली फेल्टची (नमद्यासारखं कापड) मॅट हवा कोरडी झाली की रेकॉर्डला चिकटायची, रेकॉर्ड उचलली की ही पण लटकत वर यायची आणि एकदा तर मध्येच सुटून सुईवर पडता पडता राहिली. तेव्हा ठरवलं, बास. नंतर कळलं की फेल्ट मुळात डीजे लोकांची, खाली प्लॅटर (रेकॉर्ड फिरवणारी थाळी) फिरत राहतो आणि वर रेकॉर्ड हाताने धरून ठेवता येते. आपल्याला काय करायचंय ते? शिवाय धूळ पुसायला रेकॉर्डवर ब्रश धरला की तिथेही ती सरकते.

मग रबराची जाड मॅट आणली, 5 मिमी. माझा प्लॅटर धातूचा आहे, नुसता बोटाने टिचकी मारली तर ताटासारखा टणकन वाजतो, मॅट ठेवल्यावर नुसतं ठक. म्हटलं वा, काम झालं. रेकॉर्ड लावली तर आवाज एकदम दबलेला, झांजा कुठे गेल्या कळेना. दोन दिवस रबराला शिव्या घातल्या.

तिसऱ्या दिवशी डोक्यात प्रकाश पडला की फेल्ट होती 2 मिमीची, म्हणजे रेकॉर्ड 3 मिमी वर आली, पण आर्मचा (सुई धरणारा दांडा) मागचा आधार आहे तिथेच, त्यामुळे आर्म मागे झुकला. नऊ इंची आर्मला 3 मिमी म्हणजे जवळपास पाऊण डिग्री, सुई खाचेत बसते तो कोनच बदलला ना! माझ्या आर्मची उंची स्क्रूने बदलता येते (सगळ्यांची येत नाही, त्यामुळे मॅट घ्यायच्या आधी हे नक्की बघा, नाहीतर जुन्या मॅटच्याच जाडीची घ्या). उंची वाढवली, रेकॉर्डवर सुई ठेवून आर्म बाजूने आडवा दिसतोय का ते बघितलं, सुईचं रेकॉर्डवर पडणारं वजन परत मोजलं आणि झांजा परत आल्या. म्हणजे मी इतके दिवस ऐकत होतो ते रबर नव्हतंच.

मग हौस म्हणून 3 मिमीची कॉर्क-रबर मिक्सवाली पण आणली. दोन्ही मॅटच्या उंचीसाठी आर्मच्या स्क्रूवर पेन्सिलने एकेक खूण केली आणि बायकोला म्हटलं मी पाठ फिरवून बसतो, तू मॅट बदल, दर वेळी स्क्रू त्या मॅटच्या खुणेवर आण आणि सांगू नकोस. ती वैतागली पण केलं. सहापैकी तीनदा बरोबर ओळखलं, म्हणजे नाणं उडवलं असतं तरी तेवढंच झालं असतं 😄

शेवटी कॉर्क-रबरच ठेवली. रेकॉर्डला चिकटत नाही आणि मधे लेबलसाठी खोलगट जागा आहे. ही जागा हवीच, कारण रेकॉर्डचा लेबलकडचा भाग खाचांच्या भागापेक्षा जाड असतो, सपाट मॅटवर ती लेबलवरच टेकते आणि बाकीची अधांतरी राहते. नुसत्या कॉर्कची पण बघितली होती पण तिचा भुगा हाताला लागला, तो खाचेत गेला तर काय घ्या. रबराची तशीच ठेवलीय, धूळ फार ओढते पण पाण्याने धुता येते. स्क्रूवरच्या पेन्सिलच्या दोन्ही खुणा पण पुसल्या नाहीयेत, जाड मॅटचा मोह अजून गेलेला नाही.